हात टेकला होता

ही गोष्ट मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलेली नाही. आणि त्यांना तर मी सिलिंडर संपत आल्याचंही आठवडाभर आधी सांगून ठेवते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आण्णांना ओळखत नाही. ओळखत असता तर कदाचित तुमच्यासमोरही तोंड उघडलं नसतं.

आण्णा म्हणजे माझे सासरे. साखर कारखान्यात फिटर होते, निवृत्त झाले, पण त्यांची खरी ओळख वेगळी. खो-खोचे पंच. तरुणपणी स्वतः खेळले, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर गळ्यात शिट्टी अडकवली. वाशी, कळंब, येरमाळा — जत्रेतल्या स्पर्धा असोत की शाळांच्या, आण्णांना बोलावणं यायचंच. पाय रेषेबाहेर पडला की नाही, पाठीला हात लागल्याशिवाय खो दिला का, हे त्यांना दिसायचं. बाकीच्यांना ते नंतर वाद घालून ठरवावं लागायचं.

आमच्या गावच्या, म्हणजे वाशीच्या, बाजारात माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. मला सगळं यादी करून लागतं. कापड, बटणं, कुठल्या शाळेची कुठली पट्टी, घरात कुणाची गोळी किती वाजता. कामं यादीतून खोडली की मला बरं वाटतं. एवढंच माझं सुख म्हणा ना.

आता बर्फावरचा खेळ आमच्या घरात कसा शिरला? कबड्डीसाठी खेळांचं चॅनल घेतलं होतं, त्याच्याबरोबर तो आला. एका हिवाळ्यात दुपारी मी दुकानाचं शटर ओढून जेवायला घरी आले, तर आण्णा टीव्हीसमोर पुढे सरकून बसलेले. बर्फात खोदलेला एक लांबच लांब उतरता चर, दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, आणि पायाला फळी बांधलेली पोरं ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर झुलत, काठाच्या वर उडून, हवेत गिरक्या घेऊन परत खाली येत होती. स्नोबोर्डिंगचा हाफपाइप. आण्णा त्याला कालवा म्हणायचे.

“ये मंगल, बग. कालव्यात पानी न्हाय, पोरं सोडल्यात.”

त्यांना सगळ्यात आवडली ती गुण द्यायची रीत. सहा पंच. प्रत्येकाचे शंभरपैकी गुण. त्यातला सगळ्यात वरचा काढून टाकायचा, सगळ्यात खालचा काढून टाकायचा, उरलेल्या चौघांची सरासरी. “लई शहाणी मानसं,” ते म्हणाले. “यक कुनाचा तरी मामा असतो, यक कुनाचा तरी वैरी. दोगंबी भाईर.”

मग आमचा खेळ सुरू झाला. खेळाडू खाली येऊन थांबला की पडद्यावर गुण येण्याआधी दोघांनी आपापला आकडा बोलायचा. ज्याचा जवळ, तो जिंकला. हरणाऱ्याने चहा करायचा. मी गिरक्या मोजायची, कोण किती उंच गेलं ते बघायची. आण्णा फक्त उतरणं बघायचे. फळी भिंतीला कशी लागली, गुडघा किती वाकला, हात कुठे गेला. “वर समदेच उडत्यात गं. मानूस खाली येताना कळतो.” आणि जवळजवळ दर वेळी तेच जिंकायचे. म्हणजे चहा मीच करायची — आणि तो तर मी तसाही करतच होते. तुम्ही म्हणाल, मग हरण्याचं एवढं काय? काही नाही. पण आण्णा चहाचा घोट घेऊन म्हणायचे, “दुकानात समद्या गावाची मापं घेतीस, पर नजरंला माप न्हाय तुज्या.” हसून म्हणायचे. मीही हसायची. ते कुठेतरी लागत होतं, एवढं मात्र खरं.

पण मी पुढे जे केलं त्याचं खरं कारण ते नाही. खरं कारण येरमाळ्याचं.

येरमाळ्याला एका स्पर्धेत आण्णांनी शेवटच्या क्षणी एका गड्याला बाद दिलं, आणि हरलेल्या गावची पोरं त्यांना घेरून उभी राहिली. मारलं नाही कुणी. पण धक्काबुक्कीत आण्णा खाली बसले, त्यांचा चष्मा गेला, आणि फोन मला आला. जून महिना — गणवेशाचा हंगाम — दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ते सगळं टाकून मी येरमाळ्याला गेले. आण्णा रस्त्यावरच्या एका हॉटेलात भजी खात बसले होते. “पाय भाईर व्हता,” एवढंच म्हणाले. परत येताना बसमध्ये मी त्यांना म्हटलं, आता बास करा. ते खिडकीबाहेर बघत राहिले. पुढच्या महिन्यात पुन्हा शिट्टी घेऊन निघाले.

मी सांगून पाहिलं, ह्यांच्याकडून सांगवलं. ऐकेनात. माझ्या डोक्यात ते एक न संपलेलं काम होऊन बसलं. आणि न संपलेलं काम मला झोपू देत नाही.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या ध्यानात आलं, की आपण दुपारी बघतो ते आधीच होऊन गेलेलं असतं. तिकडे परदेशात रात्री स्पर्धा होते तेव्हा आपल्याकडे सकाळ, आणि सगळ्यांचे गुण मोबाइलवर पडलेले असतात. दुकान उघडून झाडलोट झाली की मी ते बघून ठेवायला लागले. पहिल्यांदा गंमत म्हणून, आण्णांच्या हातचा चहा एकदा तरी प्यावा म्हणून — असं मी स्वतःला सांगितलं. खरं होतं का ते? एक दिवस असेल. नेमका आकडा मी कधीच सांगितला नाही. एक-दोन गुणांनी मागेपुढे. संशय येऊ नये एवढी अक्कल मला होती.

आण्णा हरायला लागले. आधी त्यांनी माझं कौतुक केलं, हे सांगताना फार जड जातं आहे. शेजारच्या काकूंना सांगितलं, “आमची मंगल पंच झाली.” मग ते टीव्हीच्या जवळ सरकून बसायला लागले. मग चष्मा पुसायला लागले. मला दिसत होतं. मी थांबले का? नाही. म्हटलं, अजून थोडं. मग शिट्टी आपोआप सुटेल.

आणि मग तो दिवस. एक मुलगी उतरत होती, लाल जाकीट, शेवटची उडी फार उंच. उतरली, डगमगल्यासारखी झाली, पण सावरून निघाली. आण्णा लगेच म्हणाले, “हात टेकला. डावा. गुन पडत न्हाईत आता.” आणि त्यांनी कमी आकडा सांगितला. मी नव्वदच्या वरचा सांगितला, कारण मला माहीत होता. पडद्यावर नव्वदच्या वरचाच आला. लोक नाचत होते.

आण्णा उठले, चहा करायला आत गेले. आतून भांड्याचा आवाज येत होता, आणि इकडे टीव्हीवर तीच उडी पुन्हा दाखवली — सावकाश, दुसऱ्या बाजूने, खालून. तिचा डावा हातमोजा बर्फात रुतला होता. बर्फाची भुकटी उडाली होती. स्पष्ट. सहाच्या सहा पंचांच्या नजरेतून सुटलं होतं, आणि वाशीत बसलेल्या माझ्या सासऱ्यांनी ते एका झटक्यात पाहिलं होतं.

मी टीव्ही बंद केला.

ते दोन कप घेऊन बाहेर आले. उभ्या उभ्याच विचारलं, “न्हवता टेकला व्हय गं?”

मी म्हटलं, “नाही आण्णा. मी नीट बघितलं.”

इतकंच. हेच सांगायचं होतं. आकडे चोरले तो एक भाग झाला. पण ते वाक्य — ते मी विचार करून बोलले. चहाचा कप हातात घेत बोलले.

पुढच्या स्पर्धेचं बोलावणं घेऊन येरमाळ्याची माणसं घरी आली. आण्णा म्हणाले, “नजर गेली माजी. दुसरा कुनी बगा.” त्या माणसांना चहा मीच दिला. ह्यांनी आण्णांना बार्शीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. आण्णा म्हणाले, “अक्षरं दिसत्यात, ते डाक्टरला कळतंय. पाय दिसतो का, ते त्येला काय कळनार?”

माझं काम झालं. यादीतून खोडण्यासारखं.

पण माणसाने एका गोष्टीवरचा भरवसा सोडला, की तो तेवढ्यावर थांबतो का? आता आण्णा दूध उतू जाताना समोर उभे असतात आणि मला हाक मारतात — आलं का गं वर? बसची पाटी वाचून दाखवायला सांगतात, जी त्यांनी आधीच वाचलेली असते. रस्ता ओलांडताना माझा दंड धरतात. गावात कुणाचं भांडण झालं तर पूर्वी लोक त्यांच्याकडे यायचे. आता आलेच तर आण्णा म्हणतात, “म्या न्हाय पायलं.” मी थकले आहे, हे खरं आहे, पण ते सांगायचा मला हक्क नाही.

हे सगळं मी त्यांना उद्या सकाळी सांगू शकते. गेले पाच हिवाळे सांगू शकत होते. ते वरच्या खोलीत नाहीत की परगावी नाहीत. पलीकडच्या खाटेवर आहेत.

कालवा आम्ही अजून बघतो. मी आता सकाळी मोबाइल उघडत नाही, त्यामुळे माझे आकडे पुन्हा पहिल्यासारखे चुकतात. आण्णा आकडा सांगत नाहीत. खेळाडू खाली येऊन थांबला की माझ्याकडे वळून विचारतात, “किती?” मी काहीतरी बोलते. “आसंल,” ते म्हणतात. आणि पडद्यावर गुण यायच्या आधीच उठून चहा टाकायला आत जातात.

मी तो पिते.