लेवकाकांचं काम

अमेरिकेत श्रूजबरीतल्या आमच्या ऑफिसात आम्ही चार मराठी आणि एक लेवकाका. घरोघरचे पदार्थ आणून पॉटलकला जमलो की पोरांच्या मार्कांआधी त्यांचाच विषय निघतो. प्रत्येकाकडे एक किस्सा असतो आणि दरवर्षी त्यात भर पडते, कारण हा माणूस सुधारायलाच तयार नाही!

लेवकाका सोव्हिएत जमान्यातले फिजिसिस्ट. तिकडे तीस वर्षं पाण्याखालच्या आवाजांवर गुप्त संशोधन केलं. इकडे जमिनीखालच्या पाइपची गळती आवाजावरून ओळखणारं यंत्र बनवत होते. तिकडे बायकोलाही काही सांगायची बंदी होती. नीनाबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "आज काय केलंस?" हे म्हणायचे, "काम." मग त्या निमूट जेवायला वाढायच्या.

*

ती सवय अमेरिकेतही आली. व्हाइटबोर्डवर काही लिहिलं की काका त्यावर चादर टाकायचे, तीही फुलाफुलांची. एकदा क्लायंट आले. त्यांच्यासमोर मॅनेजरनं कौतुकानं विचारलं, "लेव, बोर्डवर काय आहे?"

"चादर," काका म्हणाले आणि कॉफी आणायला गेले.

*

माझ्या किचनच्या भिंतीला ओल आली. प्लंबर म्हणाला, सगळी भिंत फोडावी लागेल. मी काकांना बोलावलं. त्यांनी आमचं लाकडी उलथनं भिंतीला लावलं, दुसरं टोक कानाला, आणि सगळ्यांना गप्प बसवलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि काका हातभर उडाले! शेवटी पेन्सिलीनं एक फुली मारली. प्लंबरनं तिथेच फोडलं, गळती तिथेच निघाली. कसं ओळखलंत, त्यानं विचारलं. ते सांगता येणार नाही, असं काकांनी त्याला नम्रपणे कळवलं.

*

मग काकांच्या यंत्राला पेटंट मिळालं. आता हे कुणालाही सांगायला हरकत नाही, वकील म्हणाला. काकांनी दोनदा विचारून घेतलं, "बायकोलाही?"

आठवडाभर लंच अवरमध्ये ते माझ्यासमोर प्रॅक्टिस करत होते. दोन पानी भाषण, पहिलंच वाक्य, "नीना, आज मी..."

"तिनं तीस वर्षं विचारलं," काका म्हणाले. "एकदा तरी नीट उत्तर मिळायला हवं तिला."

केक कापायला नीनाबाई ऑफिसात आल्या. आम्हालाही कळावं म्हणून त्यांनी हसत इंग्रजीत विचारलं, "लेव, आज काय केलंस?"

काकांनी खिशातून कागद काढले. चष्मा लावला. दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. कागद परत खिशात ठेवले.

"काम."

नीनाबाईंनी निमूट केकची बशी त्यांच्यापुढे सरकवली.