नामदेवअण्णांची कोर

"मिस्तरी गेलं, बापू," एवढं दूधवाल्यानं सायकलवरूनच सांगितलं आणि तो पुढे निघूनही गेला. मी नुकत्याच दुकानाच्या फळ्या काढल्या होत्या. शेजारच्या फळ्या बंदच होत्या. आठ दिवस तापानं अंथरूण धरलेला माणूस, तेव्हा बातमी अगदीच अचानक आली असं नाही. पण ती ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो, मग तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. मला वाटलं, सुटलो! दुःख मागाहून आलं, पोटभर आलं, महिना झाला तरी ओसरलेलं नाही. पण आधी आलं ते हेच... आता अण्णा मला कधी काही विचारणार नाहीत. असं का वाटलं, ते सांगायलाच हा लेख लिहायला बसलो आहे.

नामदेवअण्णा आणि मी भिंगारच्या बाजारात एकाच ओसरीवर सतरा वर्षं बसलो. मध्ये फक्त फळ्यांची आडभिंत. त्यांच्याकडे परवान्याच्या बंदुका दुरुस्तीला यायच्या, माझ्याकडे घड्याळं. बाजारात थट्टा चालायची की बापू वेळ सांगतो आणि अण्णा वेळ आणतो. अण्णा माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, अंगानं काटक आणि बोलायला महाकंजूष. मी त्यांच्या वाटणीचंही बोलायचो. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या नगरला ठाऊक आहे. एकदाच बोलायला हवं होतं, तेव्हा मात्र तीच जीभ टाळूला चिकटली.

गोष्ट चव्वेचाळीस सालची. कॅम्पात लढाईची धामधूम, रोज नवे साहेब येत, जुने बदलून जात. अशाच जाणाऱ्या एका साहेबाकडून कोल्हारकडच्या एका बागाईतदारानं परवान्यावर रिव्हॉल्वर घेतलं. मंडळी हयात आहेत, म्हणून मी त्यांना नुसतं रावसाहेब म्हणतो. रिव्हॉल्वर अमेरिकेत झालेलं, आणि त्याला एक खोड होती. रिव्हॉल्वरच्या नेहमीच्या काडतुसाला बुडाशी कड असते, त्या कडेवर ते फिरत्या चक्रीतल्या भोकाच्या तोंडाशी अडकून राहतं. हे मात्र पिस्तुलाची काडतुसं खाणारं, आणि त्यांना तशी कड नसते. नुसतं टाकलं की काडतूस आत घसरतं, मग वरून घोडा पडला तरी त्याचं टोक बुडापर्यंत पोचत नाही. म्हणून पोलादाची अर्धगोल पट्टी लागते. तिच्या खाचांत तीन काडतुसं अडकवायची, आणि अशा दोन पट्ट्या घातल्या की सहा बार भरले. साहेबानं काडतुसं दिली ती मोजून सहा, पट्ट्या मात्र त्याच्या हातून कुठे हरवल्या होत्या. अण्णांनी कॅम्पात एकदा तसली पट्टी पाहिली होती. त्यांनी खडूनं बाकावर आकृती काढली आणि लहान पोरासारखे हसले. "बापू, ही तर चंद्राची कोर की रं!" झालं, त्या दिवसापासून आमच्या ओसरीवर तिचं नाव कोर पडलं. पोलाद मी दिलं, एका मोठ्या घड्याळाची तुटलेली जाड कमान. रावसाहेब बघत उभे होते. ते जाताना म्हणाले, "लवकर करा मिस्तरी. घरातच एक काम हाय."

घरातलं काम काय, ते चार दिवसांनी कळलं. रावसाहेबांची बायको माझ्या दुकानात आली, हातात चालू स्थितीतलं गजराचं घड्याळ. बिघाड काय म्हणून विचारलं तर डोळ्यांत पाणी. "भाऊ, बंदुकीच्या दुकानात बाईमानसानं जायची रीत न्हाई, म्हनून तुमच्याकडं आले. चार दिस घरात नुसतं कोर, कोर चाललंय. मला वाटलं, माज्यासाटी अंबाड्यातली चंद्रकोर घडवायला टाकली. मी येडी, सगळ्या गल्लीत सांगून आले..." मग काल तिनं उशाखाली रिव्हॉल्वर पाहिलं. धाकट्या दिरानं वाटणी मागितली होती, आणि नवरा म्हणाला होता, कोर आली की देतो त्याला वाटणी. "लेकावानी वाढवलाय वो मी त्याला. कोर दिऊ नगा म्हनावं मिस्तरीस्नी." एवढं बोलून ती गेली. घड्याळ तिथेच विसरली.

मी तसाच उठून अण्णांकडे गेलो. सगळं सांगितलं, आणि वर शहाणपणही शिकवलं, नरम पत्र्याची करून द्या, वेळेला वाकेल. अण्णा कानस चालवत राहिले. मान वर न करता म्हणाले, "परवाना सरकारनं दिलाय. मानसाच्या मनातलं वाचायचं काम माजं न्हाई. आन खोटं काम केलं तर खंडेनवमीला हत्यारं पुजायला कोंच्या तोंडानं बसू?" मला राग आला. तुमची पूजा मोठी की माणसाचा जीव, असं फटकन बोललो. त्यांची कानस थांबली. तोंड इतकं उतरलं की मलाच बघवेना. दोन्ही कोरी तयार होऊन बाकावर पडल्या होत्या. रावसाहेब संध्याकाळी येणार होते.

दुपारी अण्णा जेवायला घरी गेले. मी आडभिंतीच्या फटीतून हात घालून दोन्ही कोरी उचलल्या, माझ्या स्पिरिटच्या दिव्यावर लालबुंद केल्या आणि राखेत पुरल्या. पोलाद असं सावकाश निवलं की त्याचं पाणी उतरतं, ते मऊ पडतं, हे घड्याळवाल्याला सांगावं लागत नाही. मग काळपटपणा पुसला, चकाकी आणली आणि होत्या तशा ठेवून दिल्या.  आपण एक जीव वाचवला असं वाटत होतं, आणि त्या मानानं घाम फार येत होता... संध्याकाळी अण्णांनी रावसाहेबांच्या हातात कोरी दिल्या. मी डोळ्याला भिंग लावून मान खाली घातली.

पुढे जे झालं ते त्या बाईच्या माहेरच्या माणसाकडून कळलं. मळ्यात सकाळी सकाळी रावसाहेबांनी भावावर नेम धरला आणि चाप ओढला. टक्. पुन्हा ओढला, पुन्हा टक्. तेवढ्यात तो धाकटा भाऊ उसातून पळाला तो थेट राहुरीला मामाकडे. घरची अब्रू म्हणून कोणी चावडीवर गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी रावसाहेब ओसरीवर आले. आरडाओरडा नाही, शिवी नाही. त्यांनी वाकलेली कोर बाकावर ठेवली आणि अगदी हळू विचारलं, "मिस्तरी, हिला हात कुनी लावला?" विचारताना ते अण्णांकडे बघत नव्हते, आडभिंतीकडे बघत होते. मी फटीपासून मागे सरकलो. अण्णा म्हणाले, "म्याच. पोलादाला पानी देताना चुकलं माजं." "तुमचं चुकत न्हाई म्हनत्यात लोक." "औंदा चुकलं." रावसाहेबांनी मान डोलावली, कोर उचलून खिशात टाकली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून समोरच्या चहाच्या दुकानात एक अनोळखी गडी येऊन बसू लागला. चहा प्यायचा आणि आमच्या ओसरीकडे बघायचा. पंधरा दिवस असे गेले. मी रोज ठरवायचो, आज अण्णांना खरं सांगू. रोज संध्याकाळी फळ्या लावून घरी जायचो.

सोळाव्या दिवशी तो गडी दिसला नाही. त्या दिवशी सीना नदीच्या पात्राजवळ अण्णांचा उजवा हात ठेचला गेला. बैलगाडीच्या चाकाखाली आला म्हणून त्यांनी सगळ्यांना सांगितलं. चाकाखाली आला तर अंगठा आणि दोन बोटंच कशी चिरडली, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. पुढची पाच वर्षं अण्णांनी डाव्या हातानं कुलपं, छत्र्या आणि स्टो दुरुस्त केले. बंदूक पुन्हा कोणी आणली नाही, कारण चावडीवर गेली नाही तरी कोरीची गोष्ट गावभर पसरली होती. ऐन वेळेला दगा देणाऱ्या वस्तूला भिंगारात लोक 'नामदेवाची कोर' म्हणू लागले. गाडीचा आस मोडला, नामदेवाची कोर. जावई परत फिरला, नामदेवाची कोर. अण्णांच्या देखत म्हणायचे. मी हसलोसुद्धा एक-दोनदा... लाज वाटते, पण हसलो.

परवा अण्णांच्या बायकोकडे, साळूवैनींकडे गेलो होतो. दुकानातली हत्यारं कोणाला द्यायची, एवढंच विचारायचं होतं. त्या चूल फुंकत होत्या. मागे न बघताच म्हणाल्या, "बापू, कोर द्यायच्या आदी त्यांनी बोटानं दाबून बघितली हुती." मी दारातच उभा राहिलो. "घरी येऊन म्हनाले, बापूनं पानी उतरवलंय. मी म्हनलं, मंग दुसरी करून द्या. तर म्हनाले, माज्यानं जे झालं न्हाई ते त्यानं केलं, ऱ्हाऊ दे."

"वैनी, मग मला एकदा तरी बोलायचं!"

"म्हनायचे, मला ठावं हाय हे कळलं तर त्यो बोलून बसंल, आन मंग त्याचा हात जाईल. घड्याळवाल्याला हाताबिगर काय हाय?" मग त्या वळल्या. "हाताचं त्यांना कदी काय वाटलं न्हाई, बापू. पर काम वाईट केलं म्हनत्यात, ते लई लागायचं. येतील का बापू सांगायला, म्हनून ताप चढला तरी दाराकडं बघायचे. आता तरी सांगाल का?"

सांगतो. नामदेव मिस्तरींनी केलेल्या दोन्ही कोरी चोख होत्या. त्यांचं पाणी मी उतरवलं, माझ्या दिव्यावर, माझ्या हातांनी. रावसाहेबांकडे या वर्तमानपत्राचा रविवारचा अंक येतो हे मला माहीत आहे. माझं दुकान सकाळी आठला उघडतं.