पुसलेला वीरगळ

सुधाकर गेला त्याला पाच आठवडे झाले. त्या सकाळी मिरकरवाड्यावरून मासे घेऊन आलो, तर बायको फाटकाशीच उभी. ‘वहिनींचा फोन होता...’ एवढंच म्हणाली. हातात पिशवी तशीच धरून मी पायरीवर बसलो. खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी भीतीच वाटली. त्याला एक गोष्ट सांगायची होती, ती आता कायमची राहिली.

आम्ही एकाच शाळेत, तो चित्रकला शिकवायचा, मी गणित. रविवारी स्कूटरवरून गावोगावच्या देवळांबाहेरचे वीरगळ शोधायचे, हा त्याचा नाद आणि माझी शिक्षा. लढाईत पडलेल्यांचे ते कोरीव दगड, उन्हापावसाने पार झिजलेले. दोन हजार सालाच्या सुमारास बोटीवरच्या मेहुण्याने त्याला डिजिटल कॅमेरा आणून दिला. विचित्रच प्रकरण! भिंगाचा अर्धा भाग पिळून हवा तिकडे वळवायचा, पडद्याचा अर्धा आपल्यासमोर तसाच. ‘मान मुरगळलेली कोंबडी तुझी,’ मी चिडवायचो. ‘हस मेल्या, पण चिखलात आडवं पडावं लागत नाही मला.’ दगडावर तांब्याभर पाणी ओतलं, की झिजलेले नाकडोळे जरा वेळ उठून दिसत. दगड सुकायच्या आत तो कॅमेरा पायथ्याशी धरायचा आणि वरून बघत बटण दाबायचा.

गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या एका गावात देवळाचा जीर्णोद्धार चालला होता. भंगलेला वीरगळ दुसऱ्या दिवशी होडीतून नेऊन समुद्रात सोडायचा, असं गावाने ठरवलेलं. सुधाकरने परोपरीने विनवलं. ‘गुरुजी, भंगलेला दगड देवलात नाय ठेवत,’ गुरव म्हणाला. शेवटी एक फोटो काढू दिला. पाणी ओतल्यावर त्या वीराचा चेहरा उमटला, ओठ किंचित उघडे... पुढे पुळ्याला सुधाकर दर्शनाला गेला, कॅमेरा माझ्याकडे देऊन. मला समुद्राचा फोटो हवा होता आणि कार्ड भरलेलं. एक अंधुक फोटो पुसायला गेलो नि नेमका त्या वीराचाच पुसला.

सोमवारी शाळेच्या कॉम्प्युटरवर त्याने शोध शोध शोधलं. तोवर दगड समुद्राच्या तळाशी गेला होता. तेव्हाच कबूल करायचं, तर तोंडातून निघालं, ‘तू बटण दाबलं होतंस ना नक्की?’ तो पुन्हा पहिल्या फोटोपासून बघू लागला. ‘दाबलं असेल की रे...’ त्यानंतर तो प्रत्येक फोटो दोनदा काढू लागला. कुलूप लावलं का, गॅस बंद केला का, सारखा मागे फिरून बघायचा. वहिनी हसायच्या. मला कधी हसू आलं नाही.

हल्ली तोंड धुऊन आरशात पाहिलं की तो दगडावरचा ओला चेहरा समोर येतो. परवा वहिनींनी सुधाकरची वही दाखवली. प्रत्येक दगडाला एक पान, त्यावर फोटो चिकटवलेला. त्या गावाच्या पानावर रिकामा चौकोन आणि खाली त्याचं वळणदार अक्षर: ‘फोटो काढायला विसरलो. अक्षम्य.’

‘शेवटपर्यंत हेच घोकत होते हो,’ वहिनी म्हणाल्या. त्यांच्यासमोर माझा धीर झाला नाही, म्हणून इथे चारचौघांत लिहितोय. सुधाकर, तू फोटो काढला होतास. चांगला आला होता.