तनूची सहा बटनं आणि अख्खा तिसरा मजला

आमच्या तनूला वयाच्या आठव्या वर्षापर्यंत शर्टाचं बटन लावता येत नव्हतं. त्यात तिचा दोष अगदी किरकोळ होता. मोठा दोष लालबागच्या आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्याचा, आणि त्या मजल्यावर पहिला नंबर माझा!

मी मुळात थांबू न शकणारी बाई आहे. कोणी गोष्ट सांगायला लागलं की शेवट मीच सांगून टाकते. समोरचा पिशवीची गाठ सोडत असला की माझ्या बोटांना खाज सुटते. आता अशा बाईच्या पोटी सावकाश हाताची मुलगी यावी! तनूचं डोकं तल्लख, जीभ तर त्याहून. पण बोटं तिचं ऐकायचीच नाहीत. पेन्सिल घट्ट धरली की मोडायची, सैल धरली की पडायची. बटन भोकाजवळ न्यायची आणि ते ऐनवेळी निसटायचं. सकाळी पावणेसातला शाळेची बस. मी काय करणार? उशीला अभ्रा घालावा तशी तिला युनिफॉर्ममध्ये कोंबायची आणि खाली पळवायची. बुटाची नाडी सुटलेली असलीच तर जिन्यापर्यंत जाताना कोणी ना कोणी बांधायचंच. आमच्या मजल्यावर मूल कोणाचंही असो, ते धडपडताना दिसलं आणि कोणी हात लावला नाही, असं आजवर झालेलं नाही. लोक नावं ठेवतील ना!

मग शाळेची नोटीस आली. कर्जतजवळ दोन रात्रींचं शिबिर, तंबूत राहायचं. अट एकच: कपडे, बूट, डबा, स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे.

तनू ती नोटीस घेऊन घरभर नाचली. तंबूत ती आणि तिची मैत्रीण अल्फिया शेजारी शेजारी झोपणार होत्या, टॉर्च कोण आणणार तेही ठरलं होतं. नाचता नाचता ती एकदम थांबली.

"आई, माझी बटनं तिथे कोण लावणार?"

खरंच सांगते, त्या क्षणी मला स्वतःचा इतका राग आला!

वर्गाच्या बाईंनी सुचवलं म्हणून तिला परळला, मुलांना रोजची कामं स्वतः करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे नेलं. ऋजुता मॅडम. वय जेमतेम सत्तावीस, आवाज मऊ, नजर मात्र हेडमास्तरची. त्यांनी तनूला आधी झोपाळ्यावर पालथं झोपवलं, चिकणमाती मळायला दिली, चिमट्यांशी खेळवलं. मला वाटलं, हे खेळायला आम्ही परळला आलो? मग त्यांनी तनूसमोर बटनांची कापडी पट्टी ठेवली. तनूने पहिलं बटन धरलं. बटन निसटलं. आणि माझा हात तिथे हजर!

"आई, हात."

मी हात काढला. तनूने पुन्हा बटन धरलं. माझा हात पुन्हा हजर! (मी पाठवला नव्हता. तो गेला.)

"आई," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही जरा हातांवर बसा."

ऑफिसात चौदा माणसं माझ्या हाताखाली आहेत. आणि इथे दोन्ही हात मांडीखाली घेऊन मी प्लास्टिकच्या बुटक्या खुर्चीवर बसले! तनू खुदूखुदू हसत होती.

मॅडमनी युक्ती सांगितली ती मात्र मला पटली. बटन आपण भोकातून अर्धं काढून द्यायचं, शेवटचं ओढणं तनूचं. म्हणजे 'झालं!' म्हणायचा आनंद तिचा. ते जमलं की आपण एक पायरी मागे सरकायचं, मग आणखी एक. शिवाय बोटांत जोर यावा म्हणून कणीक मळायची, कपड्यांचे चिमटे लावायचे आणि काळे वाटाणे एकेक करून चिमट्याने एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. "आणि तिला वेळ द्या," मॅडम माझ्याकडे बघत म्हणाल्या. "अडकली तर अडकू द्या."

अडकू द्या! आमच्या घरात!

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी तनूच्या हातातून कणीक काढून घेतली. सासूबाई मालवणकडच्या, गिरणगावात पन्नास वर्षं काढूनही जीभ तिकडचीच. "अगो, चेडवाचे हात दुखतले! दी हयसर, मी मळतंय." दोरीवर चिमटे लावायला तनूला गॅलरीत उभं केलं तर शेजारच्या कदमकाकूंनी दोन मिनिटांत तिचे कपडे वाळत घातले, वर आमचेही घातले. आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर घरभर भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाचा खमंग वास.

"आज काय केलंत, आई?" मी सासूबाईंना विचारलं.

"काळ्या वाटाण्याची उसळ."

"कुठले वाटाणे?"

"ते काय, वाटयेत पडान होते!"

तनूचा होमवर्क आम्ही त्या रात्री वड्यांबरोबर खाल्ला. (उसळ उत्तम झाली होती, तेही सांगायला हवं.)

तरी पोरगी चिवट. उरलेल्या वेळात, बाथरूममध्ये, पलंगाखाली, जिथे आमचे हात पोचत नव्हते तिथे बसून ती बटनं लावायची. शेवटचं ओढणं जमलं. मग अर्धं जमलं. एक दिवस अख्खं बटन लागलं आणि तिने किंकाळी फोडली तेव्हा मला वाटलं पाल पडली अंगावर!

आणि आला तो रविवार. सोमवारी शिबिराची यादी बंद होणार होती. मॅडम म्हणाल्या होत्या, "तनू घरी सगळं कोणाच्याही मदतीशिवाय करतेय, असा एक सलग व्हिडिओ पाठवा. तो बघून मी शाळेला कळवते." शर्टाची सहा बटनं, बुटांच्या दोन नाड्या आणि डब्याचं झाकण. बस्स.

पहिला व्हिडिओ छान चालला होता. दुसऱ्या बटनाला सासूबाईंचा हात आत आला.

"आई!"

"मी खंय काय केलंय? कॉलर सारखी करीत होतंय!"

दुसऱ्या व्हिडिओत खिडकीच्या गजांतून कदमकाकूंचा हात आला. तो बुटापर्यंत कसा पोचला, हे मला अजून कळलेलं नाही. तिसऱ्या व्हिडिओत एक हात आला, बांगडीवाला, चपळ, आणि त्याने चौथं बटन पटकन लावून टाकलं.

"ह्यो कोणाचो?" सासूबाईंनी विचारलं.

माझा होता. एका हातात फोन होता, दुसरा रिकामा होता!

मग माझं डोकं फिरलं. "सगळ्यांनी बाहेर व्हा!" मी ओरडले. फोन डब्यांच्या फळीवर टेकवून चालू केला. तनूला बजावलं, "आम्ही गेलो की कडी लाव. बाहेरून कोणी काहीही सांगू दे, अगदी मीसुद्धा, ऐकायचं नाही. सगळं झालं की मगच बाहेर यायचं." सासूबाईंना दंडाला धरून गॅलरीत काढलं, पाठोपाठ मी. आतून कडी लागली. मला अगदी कृतकृत्य वाटलं.

तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली.

मी डाळ लावली होती. शिवाय माझ्या डोक्यावर मेंदी थापलेली, त्यावर प्लास्टिकची पिशवी, अंगात गाऊन. नवरा रविवारच्या ड्युटीवर. आणि ती कडी! जुनी, जाम झालेली. दार खांद्याने दाबून धरायचं आणि त्याच वेळी हाताने ओढायची. ती लागायला सोपी, निघायला नाही. आजवर तनूला ती कोणी काढूच दिली नव्हती.

"तनू, कडी काढ! गॅस चालू आहे!"

"आई, तू म्हणालीस ऐकायचं नाही!" आतून आवाज आला.

"आता ऐक!"

"अगदी मीसुद्धा, असं म्हणालीस!"

दुसरी शिट्टी. मी दार बडवायला लागले. खोल्याखोल्यांतून माणसं बाहेर आली. पलीकडचे म्हात्रेभाऊ पहार घेऊन धावले. "वैनी, बाजूला व्हा, दार तोडतो!" सासूबाई खिडकीच्या गजांना लटकल्या होत्या. म्हात्रेभाऊंनी पहार उचलली आणि सासूबाई ओरडल्या:

"थांब रे मेल्या! तिसरा बटान लागला!"

झालं! कुकर राहिला बाजूला. अख्खा मजला खिडकीला चिकटला. मागच्यांना दिसेना म्हणून सासूबाई आतलं एकेक बातमीसारखं सांगायला लागल्या. चौथं बटन हातात घेतलं. तिसरी शिट्टी. चौथं बटन पाचव्या भोकात गेलं!

"चुकला गो चुकला!"

"अगं तनू, वरचं..." कदमकाकूंनी तोंड उघडलं.

"खबरदार!" मी इतक्या जोरात किंचाळले की डोक्यावरची पिशवी घसरली. "कोणी बोलायचं नाही! सगळ्यांनी हात मागे घ्या!"

आणि घेतले हो! वीसेक माणसं शाळेच्या प्रार्थनेसारखी हात मागे बांधून उभी राहिली. म्हात्रेभाऊंनी पहारीसकट घेतले. मेंदीचा ओघळ माझ्या नाकावरून उतरत होता, पण माझेही हात मागेच. आयुष्यात पहिल्यांदा ते माझं ऐकत होते.

आत तनू थांबली. खाली बघितलं. जीभ दातांत धरून तिने ते बटन सावकाश, अगदी सावकाश सोडवलं आणि योग्य भोकात घातलं. पाचवं. सहावं. एक नाडी. दुसरी नाडी दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. डब्याचं झाकण छातीशी धरून तिने फट्कन उघडलं. मग उठली, आत गेली, आणि पाचवी शिट्टी अर्ध्यावरच विझली. तिने गॅस बंद केला होता!

राहिली कडी. एकदा हिसका, दोनदा हिसका. मग दारावर खांद्याचा दणका बसला, कडी करकरली आणि दार उघडलं. समोर तनू, सहाच्या सहा बटनं बरोबर!

"झालं!" ती म्हणाली.

काय तो जल्लोष! म्हात्रेभाऊंनी तिला खांद्यावर घेतलं, सासूबाई पदराने डोळे पुसत सगळ्यांना सांगत सुटल्या, "माझी नात ही!" मी तर डोळ्यांवर आलेली मेंदी दोन्ही हातांनी पुसत हमसून हमसून रडले. तनूला कवटाळलं आणि तिच्या पांढऱ्या शर्टावर मेंदीचे दहा ठसे उमटले. ते अजून निघालेले नाहीत.

व्हिडिओ पाठवला. तासाभरात मॅडमचा मेसेज आला. 'तनू मस्त! चूक स्वतः ओळखून स्वतः सुधारली, हे सगळ्यात महत्त्वाचं. शाळेला कळवते. बाहेरचा आवाजही ऐकला. तनू तुमच्याशिवाय दोन दिवस आरामात राहील. तुम्ही राहाल का, ते मात्र मी सांगू शकत नाही.'

मला भयंकर राग आला. राहीन की! न राहायला काय झालं? तसं ठणकावून उत्तर पाठवलं, हात धुतले, आणि लगेच वर्गाच्या बाईंना फोन लावून सहज म्हणून विचारलं, "शिबिरात मदतीला एखादी आई लागणार असेल तर...?"

"नाही लागणार," बाई म्हणाल्या. "तुमचा फोन येईल, हे मॅडमनी मघाशीच कळवलंय."