आमच्या ह्यांच्या जागी

परळच्या आमच्या चाळीत एक ख्रिस्ती बिऱ्हाड होतं, आणि ते नेमकं आमच्या भिंतीला भिंत लावून. घरात नवरा-बायको दोघंच. नवऱ्याला सगळी चाळ पाद्रीबुवा म्हणायची. ते पाद्री नव्हते. नगरकडचे, आमच्याच गिरणीत फोल्डिंग खात्यात तयार कापड तपासायला उभे राहत, तपकीर ओढत आणि रविवारी संध्याकाळी आपल्या दारापुढे गॅलरीत प्रार्थना घेत. आपला आवाज गोड आहे अशी त्यांची ठाम समजूत होती. त्यांनी गाणं सुरू केलं की पलीकडच्या खोलीतलं तान्हं हटकून रडायला लागायचं. पण गाण्यानंतर ते जे काही सांगत, ते ऐकायला आम्ही कोकणातल्या बायाही तांदूळ निवडायचं निमित्त करून दाराशी बसायचो.

मला उपदेशाचा पहिल्यापासून तिटकारा. कोणी शहाणपण शिकवायला लागलं की मी उठून चुलीकडे जाते. पण हा माणूस उपदेश करतोय हे कळायच्या आत त्याचं सांगून संपलेलं असायचं. पवित्र आत्मा म्हणजे काय, असं कोणीतरी विचारलं तर म्हणाले, "भोंग्याचा आवाज कधी डोळ्यांनी बघितलाय? पण ऐकला की पाय गिरणीकडे चालायला लागतात की नाही?" पाप म्हणजे त्यांच्या मते कापडावरचा तेलाचा डाग. "घडी घातली की दिसत नाही. मी घडी उलगडतो, उजेडात धरतो, तर विणकर माझ्यावरच चिडतो. डाग काय मी पाडलाय?" आमचे हे विणकर, साच्यावर म्हणजे मागावर काम करणारे. ते यावर सगळ्यांत मोठ्यानं हसले, कारण त्याच आठवड्यात ते बुवांवर खरोखर चिडले होते.

एकदा त्यांनी बदलीवाल्याची गोष्ट सांगितली. गिरणीत कायम कामगाराने खाडा केला की दरवाज्यावर उभ्या असलेल्या माणसांतून एकाला त्याच्या जागी आत घेत, तो बदलीवाला. बुवा म्हणाले, "आपण सगळे देवाच्या साच्यावर खाडे करणारे. साचा बंद पडला असता. तेव्हा मालकानं आपल्या पोटच्या पोरालाच बदली म्हणून उभं केलं. आता आपल्या गिरणीत बदलीवाल्याला पगार मिळतो आणि खाडेवाल्याचा कापला जातो. इथं उलटं आहे. राबून मेला तो, आणि पगार खाडेवाल्याच्या हातात."

माझ्या सासूबाई पान लावत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मगे ता वायटच. फुकटचो पगार कोणाक पचूचो नाय." सगळे हसले. बुवाही हसले. सासूबाईंना तेवढं पुरलं नाही. "आणि बुवानु, तुमचा आपला बरा. बोलाचीच कढी आणि बोलाचोच भात." त्यावर मात्र बुवा हसले नाहीत. तपकिरीची डबी नुसती हातात फिरवत राहिले.

तो संयुक्त महाराष्ट्राचा काळ होता. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे वाक्य आमच्या जिन्यावर खडूनं लिहिलेलं होतं आणि पोरं ते पाढ्यासारखं म्हणत. चाळीतून सत्याग्रहींची तुकडी पाठवायची ठरली. खाली मैदानात सभा झाली. पहिल्या तुकडीत कोण, असं विचारल्याबरोबर आमच्या ह्यांनी हात वर केला. नुसता हात वर करून बसले असते तर ते आमचे हे कसले. उभे राहून म्हणाले, "ज्याला बायकोचा पदर सोडवत नसेल त्यानं घरात बांगड्या भराव्यात." टाळ्या पडल्या. मी गॅलरीतून बघत होते. मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी धास्तीही.

कारण माझे दिवस भरत आले होते. पहिलं मूल पोटातच गेलं होतं. माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपणाला कोकणात गेले नव्हते. पायांना सूज चढली, डोकं दुखायला लागलं, तेव्हा प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की घरात धावपळ करणारा पुरुष माणूस पाहिजे, कधी उचलून आणावं लागेल सांगता येत नाही. सासूबाईंना नीट दिसत नव्हतं. ह्यांनी ते ऐकलं आणि घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सासूबाई म्हणाल्या, "जाव नको रे झिला."

"नाव दिलंय मी. चार लोकांत काय बोललो ता तुया ऐकलंस ना? आता कसा मागे फिरू? उद्या पोरासोरांनी माका बांगडे आणून दिले तर?"

ते बांगड्यांऐवजी बांगडे म्हणून गेले, पण घरात कोणी हसलं नाही. आमच्या भिंती पातळ होत्या. पलीकडे ऐकू गेलं असणारच.

तुकडी निघायची त्या सकाळी खाली ढोल वाजत होता. आम्हा बायकांनी खाली चाळीच्या दारात रांगोळी घातली होती. जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या घरच्या बाईने ओवाळायचं, असं ठरलं होतं. मी तबक घेऊन उभी होते. हे हार घालून समोर उभे, चेहरा कोरा. इतक्यात जिन्यावरून पाद्रीबुवा उतरले. चर्चला जातानाचा पांढरा कोट, काळी टोपी, काखेत वळकटी. सरळ आले, ह्यांच्या गळ्यातला हार काढला आणि स्वतःच्या गळ्यात घातला. म्हणाले, "याचा आज खाडा. मी बदली."

ढोल थांबला. कोणीतरी हसलं, पण ते हसू अर्ध्यातच विरलं. आमचे हे काहीतरी बोलायला गेले. बुवा म्हणाले, "गड्या, बोलू नको. मला बोलून बोलून माझाच कंटाळा आलाय." मग टोपी काढून ते माझ्यासमोर उभे राहिले.

मी ओवाळलं. आणि हात सवयीनं कुंकवाच्या करंड्याकडे गेला. बोट त्यांच्या कपाळावर ओढून झालं, तेव्हा वर गॅलरीत त्यांची बायको 'अगं' म्हणाल्याचं ऐकू आलं, आणि मग मला कळलं मी काय केलं ते. बुवांनी डोळे मिटले होते. ते उघडून माझ्याकडे बघितलं, हात जोडले आणि तुकडीत जाऊन उभे राहिले. कुंकू पुसलं नाही. मोठ्या रस्त्यावर पोलिसांच्या गाडीत चढेपर्यंत ते तसंच होतं, असं मागून कळलं.

त्यानंतरच्याच आठवड्यात एका दुपारी मला फेफरं आल्यासारखं झालं. ह्यांनी मला दोन्ही हातांवर उचलून जिना उतरवला, रस्त्यात उभी असलेली व्हिक्टोरिया घोडागाडी अडवली. मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर दोघींपैकी एकही हाती लागली नसती. हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण ह्यांच्याकडे बघितलं तर ते प्रसूतिगृहाच्या बाकावर मान खाली घालून असे बसले होते, की कोणाला वाटावं इथे वाईट बातमी आली आहे.

घरी आल्यावर तर जगणं नको झालं. चाळीत कोणी एका शब्दानं टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. भांडायला तरी मिळालं असतं. पलीकडच्या बुवांच्या बायको, त्यांना मी मावशी म्हणायची, रोज सकाळी येऊन मुलीला न्हाऊ घालत. त्यांचा नवरा तुरुंगात होता, तो आमच्या ह्यांच्या जागी, आणि त्या माझ्या मुलीच्या टाळूवर तेल जिरवत होत्या. एकदा मी म्हटलं, "मावशी, तुम्ही नका येऊ, मला कसंतरी होतं." त्या म्हणाल्या, "पोरीला आंघोळ नको का?"

हे मागच्या गल्लीनं गिरणीत जायला लागले. एक दिवस जेवताना ताट सरकवून ओरडले, "कोणी सांगितलं होतं त्याला? मी पाय धरायला गेलो होतो?" मी म्हटलं, "हळू, भिंत पातळ आहे." तर ते आणखी चिडले. ज्यानं आपल्यावर उपकार केले त्याचा इतका राग येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मलाही येत होता. त्या रागाची लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून पुन्हा राग. बुवांच्या सांगण्यात हे कुठंच आलं नव्हतं. खाडेवाल्याच्या हातात पगार पडतो, इथे त्यांची गोष्ट संपायची. पुढे तो घरी जाऊन तोंड कसं दाखवतो, ते ऐकायला आम्ही कधी थांबलोच नव्हतो.

तुकडी सुटून आली तेव्हा गुलाल उधळला गेला. हे त्या दिवशी दुसरी पाळी मागून घेऊन गिरणीतच राहिले. नंतर मात्र फेड करायचा सपाटा लावला. शेजारी पापलेट नेऊन दे, गावाहून फणस आला की अर्धा तिकडे, दिवाळीला धोतरजोडी. बुवा सगळं हसून घेत. कधी नको म्हटलं नाही, आणि त्यांनी घेतल्यानं आमच्यावरचं ओझं काही कमी झालं नाही. प्रत्येक वेळी हे वस्तू दारात ठेवून वळत. बुवांच्या डोळ्यांकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

सुटून आल्यापासून रविवारी गॅलरीत प्रार्थना मात्र होत नव्हती. तुरुंगातलं अन्न बाधलं असेल, घसा बसला असेल, असं मी धरून चालले होते. शेवटी मावशींना विचारलं, तर त्या आधी टाळत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांना चर्चच्या मंडळीनं प्रार्थना घ्यायची, बोलायची मनाई केलीय. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या पंगतीलाही बसू देत नाहीत."

"सत्याग्रह केला म्हणून?"

"नाही गं. त्याचं कोणाला एवढं नाही. कुंकू लावून घेतलं म्हणून. आमच्यातल्या कोणीतरी गाडीत चढताना बघितलं."

माझ्या हातातलं दुपटं खाली पडलं. मी म्हटलं, "मग ते सांगत का नाहीत, की एका येड्या बाईनं चुकून लावलं?"

"सांगितलं मी तसंच सांगायला. तर म्हणतात, पोरीनं मानानं लावलं, मी मानानं घेतलं. चूक म्हणायची तर ती माझी."

म्हणजे माझ्याही जागी तेच उभे राहिले होते. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, तरी तोंड जळायचं थांबेना. आमच्या ह्यांच्या जागी ते गेले, हे मी इतके दिवस नवऱ्याचं दुखणं म्हणून बघत होते, त्याला समजावत होते, मनातून थोडी कीवही करत होते. आता मला कळलं ते काय असतं ते.

मी ह्यांना सांगितलं. ते तसेच उठले आणि दादरला मंडळीच्या पाळकांच्या, म्हणजे त्यांच्या खऱ्या पाद्रींच्या, घरी गेले. चूक आमची आहे म्हणाले. पाळकांनी बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे त्यांनी स्वतः येऊन सांगायला पाहिजे, तुम्ही त्यांच्या वतीनं कसं सांगणार? हे परत आले ते पार गळून. म्हणाले, "माका तेवढीसुद्धा बदली करूक दिली नाय."

पुढच्या रविवारी संध्याकाळी ह्यांनी आमची घोंगडी उचलली आणि बुवांच्या दारापुढे नेऊन अंथरली. मी मुलीला घेऊन आमच्या दारात उभी राहिले. आजूबाजूच्या बाया बाहेर आल्या. बुवा उंबऱ्यापर्यंत आले.

"बुवा, सांगा कायतरी," हे म्हणाले.

"मला बोलायची मनाई आहे रे. माहीत आहे ना तुला?"

"मग मी सांगतो. तुम्ही ऐका."

बुवा खाली बसले. आमचे हे, ज्यांना भर सभेत उभं राहून बोलायला कधी काही वाटलं नाही, त्यांना शब्द सापडेना. घोंगडीचे धागे उपटत ते म्हणाले, "एक साचेवाला होता. तोंडानं मोठा. त्यानं खाडा केला. तर शेजारचा एक माणूस त्याच्या जागी उभा राहिला. बदली."

बुवांनी हळूच विचारलं, "आणि साचेवाला? तो कुठं होता?"

"तो घरी होता," हे म्हणाले. "त्याला मुलगी झाली. जिवंत. बायकोपण वाचली." त्यांनी आणखी एक धागा उपटला. "पण बुवा, त्याला अजून वर बघता येत नाही."

"नाही येत तर नको बघू," बुवा म्हणाले आणि उठून त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसले. "मलाही नाही येत. वरच्या मालकाकडचा माझा पगारही फुकटचाच आहे."