यानेक आजोबांच्या कोटातली बाटली

२००६ च्या जानेवारीतला शनिवार. शॉमबर्गमध्ये अशी थंडी, की गाडीचं दारसुद्धा उघडेना... आणि समोरच्या अपार्टमेंटमधले यानेक आजोबा पिशवी घेऊन तळ्याकडे निघालेले दिसले. कोटाच्या खिशातून व्होडकाची बाटली डोकावत होती.

मी गाडीचं दार तसंच सोडलं.

आजोबा मूळचे पोलंडचे, जन्मभर निसर्गचित्रं काढलेले. दोन वर्षांपूर्वी आजी गेल्या, तेव्हा ब्रश सुटला आणि बाटली हातात आली. मग हार्टचं ऑपरेशन झालं आणि दारू बंद झाली. डेन्व्हरला राहणारी त्यांची मुलगी ओला जाताना मला नंबर देऊन गेली होती. "परत प्यायला लागले तर लगेच कळव. मग मी त्यांना इथे एकटं ठेवणार नाही."

मी तिथेच पार्किंगमधून फोन लावला. तिने उचलला नाही, तर व्हॉइसमेलवर सगळं सांगून टाकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मग धावले... बर्फात पाय रुतत होते आणि मनात नको नको ते येत होतं.

आजोबा तळ्याकाठी घडीच्या स्टुलावर बसले होते. मान खाली, शेजारी बाटली अर्धी. हाका मारतच जवळ गेले. घाबरून खांद्याला हात लावला, तर म्हणाले, "हळू गं, आभाळ बिघडेल."

मांडीवर चित्र होतं. वॉटरकलर. त्यांनी बाटलीतली व्होडका पाण्याच्या कपात ओतली आणि त्यात ब्रश बुडवला. "नुसतं पाणी गोठतं. आमच्याकडे हिवाळ्यात असंच करायचो."

तोंडाला वास येत होता तो फक्त कॉफीचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या एका फोनमुळे या माणसाचं घर सुटणार होतं...

तेवढ्यात ओलाचाच फोन. ती विमानाचं तिकीट शोधत होती. मी एका दमात सगळं सांगितलं.

ती हळूच म्हणाली, "लहानपणी ती बाटली धरून मीच उभी राहायचे... बाबा खरंच परत चित्र काढतायत?"

मी फोन आजोबांच्या कानाला लावला. पोलिशमध्ये काय बोलले कळलं नाही, पण ते ब्रश हलवत भराभर सांगत होते. कोपर लागून बाटली कलंडायला लागली, म्हणून ती मी घेतली.

आमच्या सात पिढ्यांत कुणी धरली नसेल... मी मात्र दोन्ही हातांनी दारूची बाटली धरून देवाचे आभार मानत उभी होते.