दुमडणारी टोपी

लातूरला माझं फेट्या-टोप्यांचं दुकान आहे. लग्नसराईच्या तोंडावर रेणापूरच्या बँडमधला बॅगपाइपवाला हमखास येतो. यंदा बँडच्या मालकानं सगळ्यांना चौकड्यांचे स्कॉटिश किल्ट शिवले. हा त्याला घागराच म्हणतो, तेही छाती काढून.

त्यावर शोभेल अशी गोल स्कॉटिश टोपी मी मुद्दाम काढून ठेवली होती, वर लाल गोंडा असलेली. त्यानं ती घातली, वाजवताना फुगवतो तसे आरशासमोर गाल फुगवले आणि म्हणाला, "लई झ्याक हाय मामा. पर दुमडत न्हाई."

मग त्यानं दुसरी उचलली, होडीसारखी लांबट, मागं दोन काळ्या फिती. ती डोक्यावर न ठेवताच चपटी करून कमरेच्या पट्ट्यात खोचली. "हाव, हीच द्या."

मी वैतागलो. "अरे, डोक्याला घ्यायलास का कमरेला?"

"दोन्हीला, मामा."

पुढं माझ्या पुतणीच्या लग्नाला तोच बँड आला. आहेराच्या टॉवेल-टोप्या वाटत मी त्याच्यापाशी पोचलो. बाकीच्या वाजंत्र्यांनी टोपी घेऊन खिशात घातली. यानं मात्र आपली होडी दुमडून पट्ट्यात खोचली आणि माझ्यापुढं डोकं वाकवलं.

"मानाची टोपी खिशात शोभत न्हाई, मामा."

वरात निघाली. चौकड्यांच्या घागऱ्यावर ती आहेराची पांढरी टोपी घालून तो सगळ्यांच्या पुढं वाजवत होता. मागं नाचता नाचता मला कबूल करावं लागलं, लाल गोंडा इतका शोभला नसता.